डोंगरात राहिलेली विमाने

विमान कोसळल्याची वार्ता प्रथम वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर येते. दोन दिवस आपण हळहळतो. तिसऱ्या दिवशी ती वार्ता आतल्या पानावर सरकते आणि आठवड्याभरात दिसेनाशी होते. वाचणाऱ्यापुरता तो अपघात तेथे संपतो. विमान मात्र जेथे पडले तेथेच असते. त्याच्यावर पाऊस पडतो, बर्फ साचते, गवत वाढते आणि गुराखी त्याच्या आडोशाला बसतात. ज्या घरातला माणूस त्यात होता, त्या घरापुरता तो अपघात पन्नास वर्षांनीही संपलेला नसतो. श्रोतेहो, अशाच काही विमानांविषयी आणि त्यांच्यातून परत न आलेल्या माणसांविषयी आज मी बोलणार आहे.

या विषयाकडे सर्वांत आधी इंग्रजांचे लक्ष गेले, आणि ते साहजिकही आहे. दुसऱ्या महायुद्धात त्या चिमुकल्या देशाच्या खेड्याखेड्यांतून विमानतळ उभे राहिले होते. मँचेस्टर आणि शेफील्ड या दोन शहरांमधला पीक डिस्ट्रिक्टचा माळ घ्या. तेथील दलदलीच्या पठारावर पन्नासाहून अधिक विमानांचे अवशेष विखुरलेले आहेत. त्यांतले सर्वांत प्रसिद्ध अमेरिकन बी-२९ जातीचे. ते ३ नोव्हेंबर १९४८ रोजी, म्हणजे युद्ध संपून तीन वर्षे झाल्यावर, ब्लीकलो नावाच्या टेकडीवर आदळले आणि आतले तेराही जण ठार झाले. या टेकडीची उंची ६३३ मीटर आहे. आपला सिंहगड तिच्या दुपटीहून उंच आहे. इतकी लहानशी टेकडी एवढ्या अवाढव्य विमानाचा घास कशी घेते, असा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर एका शब्दात आहे : ढग. वैमानिक ढगातून खाली उतरला आणि खाली मोकळी जमीन असेल अशी त्याची समजूत होती. तेथे टेकडी होती.

युद्धातील विमानांचे अपघात म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तोफा आणि शत्रूची विमाने येतात. प्रत्यक्षात इंग्लंडच्या माळावर पडलेल्या विमानांपैकी पुष्कळांनी शत्रूचे तोंडही पाहिले नव्हते. विशीतली पोरे रात्रीच्या वेळी दिशा ओळखण्याचा सराव करीत होती. वारा दहा-वीस मैलांनी जास्त निघाला, ढग थोडे खाली आले, आणि सराव तेथेच संपला. ब्रिटनच्या बाँबफेकी दलाचे ५५,००० हून अधिक लोक त्या युद्धात मेले. त्यांतले सुमारे आठ हजार अशा सरावात किंवा अपघातात गेले. युद्धाच्या इतिहासात त्यांच्या वाट्याला एखादी ओळ येते. ज्या टेकडीवर ते पडले तिने मात्र त्यांची आठवण अधिक जपली आहे.

आता इंग्लंड सोडून आपल्या देशात येऊ. मी नोकरीनिमित्त कोलकात्याच्या बालीगंज भागात राहतो. गडियाहाटचा बाजार, ट्रामचा खडखडाट, पलीकडे ढाकुरियाचे तळे, असा हा नांदता परिसर आहे. एके काळी हा परिसर युद्धाच्या पिछाडीला होता, यावर आज कोणाचा विश्वास बसणार नाही. १९४२ साली जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला आणि कलकत्ता एकाएकी आघाडीजवळचे शहर झाले. ढाकुरियाच्या तळ्याकाठी लष्कराच्या बराकी उभ्या राहिल्या. मैदानातून जाणारा रेड रोड हा राजरस्ता धावपट्टी म्हणून वापरण्यात येऊ लागला आणि त्याच्यावरून हरिकेन जातीची लढाऊ विमाने उडू लागली. आज त्याच रस्त्यावर प्रजासत्ताकदिनाचे संचलन होते.

बालीगंजच्या पश्चिमेला भवानीपूर आहे. तेथील युद्धस्मशानात सार्जंट प्रिंग या ब्रिटिश वैमानिकाची कबर आहे. १५ जानेवारी १९४३ च्या रात्री कलकत्त्यावर चालून आलेली तीन जपानी विमाने त्याने एकामागोमाग पाडली. रात्रीच्या बाँबहल्ल्यांनी धास्तावलेल्या शहराला त्या रात्रीने धीर दिला. त्याच वर्षी ५ डिसेंबरला खिदिरपूरच्या गोदीवर जपान्यांनी भरदिवसा हल्ला केला. त्या दिवशी प्रिंग पडला आणि ज्या शहराचे त्याने रक्षण केले होते, त्याच शहराच्या मातीत त्याला पुरण्यात आले. त्याच भवानीपुरात एका रस्त्याला इंद्रलाल राय याचे नाव आहे. तो कलकत्त्याचा मुलगा. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलातून लढताना २२ जुलै १९१८ रोजी, वयाच्या अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, तो फ्रान्समध्ये पडला. या दोघांच्या बाबतीत एक गोष्ट सुदैवाची म्हटली पाहिजे. ते कोठे पडले हे ठाऊक आहे आणि त्यांच्या नावांचे दगड जागेवर आहेत.

ज्यांना एवढेही लाभले नाही अशांची संख्या कलकत्त्याच्या ईशान्येला फार मोठी आहे. त्याचे कारण असे. १९४२ च्या एप्रिलअखेर जपान्यांनी लाशिओ घेतले आणि चीनला रसद पोचविणारा ब्रह्मदेशचा रस्ता बंद झाला. चीनला युद्धात टिकवून धरायचे तर माल हवेतून नेण्यावाचून गत्यंतर उरले नाही. आसामात छाबुआ, मोहनबाडी, सुकेरेटिंग येथे चहाच्या मळ्यांच्या कडेने विमानतळ झाले. तेथून निघालेली विमाने पूर्व हिमालयाचा फाटा ओलांडून चीनच्या कुनमिंग शहरी उतरू लागली. अमेरिकन वैमानिकांनी त्या डोंगररांगेला 'हंप', म्हणजे वशिंड, असे नाव दिले. नाव चेष्टेचे होते, डोंगर चेष्टेचे नव्हते. आपले कळसूबाई ५,४०० फुटांचे. या मार्गावर त्याच्या तिप्पट उंचीच्या रांगा होत्या. ताशी शंभर मैलांहून अधिक वेगाचे वारे विमानाला मार्गापासून कोठल्या कोठे नेऊन टाकीत. पंखांवर बर्फ चढे. नकाशे अपुरे होते आणि हवामानाची वार्ता तर बहुधा परत आलेल्या वैमानिकाच्या तोंडूनच कळे.

साडेतीन वर्षांत या मार्गाने सुमारे साडेसहा लाख टन माल गेला आणि त्याची किंमत म्हणून सुमारे सहाशे विमाने पडली. स्वच्छ हवेत वरून जाताना खाली पडलेल्या विमानांचे पत्रे उन्हात चकाकत, म्हणून वैमानिक त्या मार्गाला 'अ‍ॅल्युमिनियमची पायवाट' म्हणू लागले होते. आपल्या आधी गेलेल्यांच्या अवशेषांवरून वाट ओळखत पुढे जायचे, याहून भयंकर प्रवास कोणता असेल ?

येथे एक गोष्ट प्रशासनात वावरणाऱ्या माणसाच्या नजरेतून सांगण्यासारखी आहे. हे सारे अपघात दैवाने घडले असे नाही. ६५० तास उड्डाण केले की वैमानिकाला मायदेशी परत पाठवावे, असा आरंभी नियम होता. नियम दयेचा होता, परंतु त्याचा परिणाम उलटा झाला. घराकडे डोळे लागलेली पोरे महिन्याला दीड-दीडशे तास उडू लागली आणि थकून, डोळ्यांवर झापड घेऊन डोंगरावर आदळू लागली. १९४४ च्या सप्टेंबरात विल्यम टनर या सेनाधिकाऱ्याने या वाहतुकीची सूत्रे हाती घेतली. त्याने तासांची मर्यादा ७५० केली आणि तिला निदान एक वर्षाच्या मुक्कामाची अट जोडली. मग घाई करण्यात कोणाचाच लाभ उरला नाही. विमानांच्या तपासणीचे टप्पे त्याने ठरवून दिले आणि प्रत्येक अपघाताच्या कारणाची चौकशी सुरू केली. मालाची आवक वाढत गेली आणि तरीही अपघातांचे प्रमाण पुष्कळ उतरले. एका कलमाच्या दुरुस्तीने किती आयांची मुले वाचली असतील, त्याचा हिशेब कोणत्याही वहीत मिळणार नाही. कचेरीत बसून नियम लिहिणाऱ्यांनी ही हकीकत अधूनमधून आठवावी.

जी विमाने पडली त्यांतले सर्वच लोक मेले असे नाही. २ ऑगस्ट १९४३ रोजी छाबुआहून निघालेल्या एका मालवाहू विमानाचे एक इंजिन नागा डोंगरांवर बंद पडले. आत एकवीस माणसे होती. एरिक सेवराइड हा पुढे फार नावारूपाला आलेला अमेरिकन वार्ताहर त्यांत होता. हवाई छत्रीने उतरून वीस जण वाचले, विमानाचा दुय्यम चालक तेवढा गेला. ते उतरले पांगशा गावाच्या परिसरात. मानवी मुंडकी कापणाऱ्यांचे गाव म्हणून त्याची ख्याती होती आणि १९३६ साली ब्रिटिश सरकारच्या मोहिमेने ते जाळलेही होते. अवघ्या सात वर्षांनंतर त्याच मुलखात आभाळातून गोरी माणसे पडली. गावकऱ्यांनी त्यांना मारले नाही, खायला घातले. जखमींसाठी फ्लिकिंजर नावाचा लष्करी डॉक्टर दोन सहायकांसह विमानातून उडी घेऊन तेथे उतरला. पुढे फिलिप अ‍ॅडम्स हा ब्रिटिश अधिकारी नागा सोबत्यांसह मोकोकचुंगहून पायी जाऊन पोचला आणि सर्वांना सुखरूप घेऊन आला. या डोंगरातील लोकांच्या माणुसकीविषयी मैदानातल्या आपल्यासारख्यांच्या मनात जे समज असतात, ते तपासून पाहायला ही एक घटना पुरेशी आहे.

परंतु पुष्कळांच्या नशिबी ना हवाई छत्री आली, ना गाव. त्यांच्या नावापुढे एकच शब्द लिहिला गेला : बेपत्ता. श्रोतेहो, सरकारी दप्तरात याच्याइतका निर्दय शब्द दुसरा नसेल. 'मृत' या शब्दापाशी दुःखाला आरंभ होतो आणि कालांतराने त्याला उतारही पडतो. 'बेपत्ता' या शब्दापाशी दुःखाला बसायलाही जागा मिळत नाही. सात वर्षे ज्याची वार्ता नाही तो जिवंत आहे असे म्हणणाऱ्याने ते सिद्ध करावे, असे आपला पुराव्याचा कायदा सांगतो. मालमत्तेची वाटणी त्यामुळे होऊ शकते. दाराकडे लागलेले डोळे मात्र कायद्याने मिटत नाहीत.

आपण मराठी माणसांनी हे शल्य एका मोठ्या प्रसंगी भोगलेले आहे. १७६१ साली पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. त्यांच्या मृत्यूची खात्री पार्वतीबाईंना अखेरपर्यंत पटली नाही आणि त्या सौभाग्यलेणे लेऊनच राहिल्या. त्या अनिश्चिततेच्या फटीतून भाऊंचा तोतया पुढे आला. त्याने पुष्कळांना फितविले आणि १७७६ साली त्याचे पारिपत्य होईपर्यंत पुण्याचा दरबार हैराण झाला. एका देहाची ओळख पटली नाही, तर त्याची किंमत कुटुंबाला आणि क्वचित राज्यालाही किती वर्षे मोजावी लागते, ते यावरून दिसते.

दुसरे उदाहरण मुंबईचे आहे. श्रीकृष्ण वेलिंगकर हा मुंबईचा तरुण केंब्रिजला शिकत होता. पहिल्या महायुद्धात इंद्रलाल राय याच्यासारखाच तोही ब्रिटिश हवाई दलात शिरला. त्या युद्धात तेथे वैमानिक म्हणून गेलेले हिंदी तरुण हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते आणि त्यांत हा आपला एक होता. २७ जून १९१८ रोजी तो डॉल्फिन जातीचे विमान घेऊन फ्रान्समधील आघाडीवर गेला, तो परतलाच नाही. तो जखमी होऊन जर्मनांच्या हाती पडला होता आणि तीन दिवसांनी मरण पावला. जर्मनांनी त्याला रीतसर पुरले, परंतु त्याच्या नावाची अक्षरे त्यांना लागली नाहीत. युद्ध संपल्यावरही काही काळ त्याच्या कबरीचा पत्ता लागला नाही तो यामुळेच. पुढे शोध झाला, ओळख पटली, आणि आज हँगार्ड या गावच्या स्मशानात त्याच्या खऱ्या नावाचा दगड आहे. एक नाव नीट लिहिले न जाणे ही केवढीशी चूक ! पण एक मेलेला मुलगा त्या चुकीपायी पुन्हा एकदा हरवला होता.

आता पुन्हा आपल्या ईशान्येकडे वळू. हंपवर पडलेल्यांपैकी आणि भारताच्या हद्दीत अजूनही न सापडलेल्या अमेरिकन सैनिकांची संख्या चारशेच्या आसपास सांगितली जाते.  क्लेटन कूल्स नावाचा एक अमेरिकन गृहस्थ या शतकाच्या आरंभापासून अरुणाचलाच्या जंगलांत स्वखर्चाने हिंडत राहिला आणि वीसाहून अधिक विमानांचे अवशेष त्याने शोधून काढले. त्याला वाट दाखविली ती तेथील शिकाऱ्यांनी. सियांग खोऱ्यातील दामरो गावाच्या वरच्या डोंगरात २००६ साली त्याला एक लिबरेटर जातीचे विमान सापडले. ते २५ जानेवारी १९४४ रोजी आठ माणसांसह नाहीसे झाले होते. पुढे अमेरिकन सरकारचे पथक तेथे गेले. हाती आलेले अवशेष एप्रिल २०१६ मध्ये दिल्लीतील समारंभात सन्मानपूर्वक सुपूर्त करण्यात आले. त्यांतून एका लेफ्टनंटाची ओळख पटली आणि २०१७ च्या जून महिन्यात, त्र्याहत्तर वर्षांनी, जॉर्जिया राज्यातील आपल्या गावी त्याला मूठमाती मिळाली.

या शोधांची किंमतही कोणी तरी दिली आहे. २०१८ साली अशाच एका मोहिमेत हिमवादळाने गाठले आणि लिसू जमातीचे तीन वाटाडे थंडीने गारठून मेले. परक्या देशाच्या, दोन पिढ्यांपूर्वी मेलेल्या माणसांच्या अस्थी शोधताना त्यांनी आपले प्राण दिले. २०२३ च्या नोव्हेंबरात अरुणाचलातील पासिघाट येथे हंपच्या आठवणींचे संग्रहालय उघडले. इंजिनांचे तुकडे आणि जुनी छायाचित्रे पाहणाऱ्यांनी त्या तिघांचीही आठवण मनात ठेवावी.

हा प्रश्न केवळ परक्यांचा आहे असे कोणी समजू नये. ७ फेब्रुवारी १९६८ रोजी आपल्या हवाई दलाचे एएन-१२ जातीचे विमान चंडीगडहून लेहला निघाले. आत १०२ माणसे होती. हवा बिघडली म्हणून ते माघारी फिरले आणि रोहतांगच्या परिसरात नाहीसे झाले. पस्तीस वर्षे त्याचा मागमूस नव्हता. २००३ साली गिर्यारोहकांना हिमनदीत पहिले अवशेष दिसले. त्यानंतर आपल्या सैन्याने मोहिमांवर मोहिमा काढल्या आणि हिमनदी एकेक देह परत करीत राहिली. २०२४ च्या सप्टेंबरअखेर आणखी चार देह मिळाले. त्यांतला एक जवान केरळचा, जाताना बावीस वर्षांचा. छप्पन्न वर्षांनी तो आपल्या गावी परतला तेव्हा त्याची भावंडे म्हातारी झाली होती. इतक्या वर्षांनी मिळून काय लाभ, असे एखादा व्यवहारी माणूस विचारील. त्या घराला विचारा. कोठे फूल वाहायचे हे आता त्यांना ठाऊक आहे.

उलट बाजूही पाहिली पाहिजे. डोंगरात राहणाऱ्या माणसाच्या दृष्टीने आभाळातून पडलेले विमान हे प्रथम धातूचे भांडार होते. जेथे मीठसुद्धा पाठीवरून आणावे लागे, तेथे अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याची भांडी झाली, तर त्यात नवल नाही आणि पापही नाही. इंग्लंडात १९८६ साली कायदा झाला. लष्करी सेवेत असताना पडलेल्या कोणत्याही विमानाचे अवशेष परवानगीवाचून उकरता येणार नाहीत, असे त्याने ठरविले, कारण ती स्थळे कबरी असू शकतात. तो कायदा योग्यच आहे. परंतु तेथे तो सुशिक्षित हौशी लोकांना आवरण्यासाठी आला. आपल्याकडे डोंगरातील गावकऱ्याला आधी गुन्हेगार ठरवून कामाला लागलो तर हाती काही लागणार नाही, कारण विमान कोठे आहे हे एकट्या त्यालाच ठाऊक असते. त्याच्या गावात जाऊन त्याच्या आजोबांनी काय पाहिले ते त्याच्या भाषेत लिहून घेणे, ते स्थळ ग्रामसभेच्या दप्तरी नोंदविणे आणि वाटाड्याचे श्रम व त्याचा जीव यांची किंमत आधी धरून मग मोहीम आखणे, ही कामे खर्चाची कमी आणि मनावर घेण्याची अधिक आहेत. ती आता तातडीचीही आहेत. ज्यांनी ती विमाने पडताना पाहिली, ती पिढी जवळजवळ संपली आहे.

महाराष्ट्रातल्या पुष्कळ गावांत देवळाच्या आवारात किंवा वेशीबाहेर वीरगळ उभे असतात. दगडावर खाली लढणारा वीर कोरलेला असतो, त्याच्या वर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा आणि माथ्याशी चंद्रसूर्य. बहुतेकांवर नाव नसते आणि तो वीर कोणाचा होता हे गावालाही सांगता येत नाही. तरी सणावारी कोणी तरी त्याला शेंदूर लावते. आपल्या पूर्वजांना एवढे कळत होते की जो आपल्या शिवारात पडला, त्याची जबाबदारी शिवारावर येते. ईशान्येच्या डोंगरांत आणि रोहतांगच्या हिमात पडलेली विमाने हे या युगाचे वीरगळ आहेत. जुन्या वीरगळांवर नावे कोरायची राहून गेली आणि ती आता कोणालाही कोरता येणार नाहीत. यांच्यावरची नावे अजून शोधता येतात.